हिरवीच्या वहीतली आग

५ फेब्रुवारी

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहावं की नाही यावर दहा मिनिटं घालवली आणि कंटाळून सोडून दिलं. कामाचं पत्र आहे, त्याला 'प्रिय' नसलं तरी चालतं.

आपली हिरवी गाडी आम्ही तंत्रशाळेला देतोय. जुन्या गाड्यांचे क्लबवाले गेली चार वर्षं मागे लागले होते, त्यांच्या दालनात काचेमागे ठेवायची म्हणून. अप्पांनी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. "काचेमागे ठेवायला ती काय मेली आहे?" म्हणाले. शाळेत मुलं तिचं इंजिन खोलतील, बिघडवतील, शिव्या देत पुन्हा जोडतील. अप्पांना तेच हवंय. विलायतेतल्या ज्या कारखान्यात ती बनली तो बंद होऊन जमाना झाला. इथे तिच्या खोडी जाणणारी दोन माणसं उरली आहेत. त्यातलं एक ब्याऐंशी वर्षांचं, आणि दुसरी मी. माझे गुडघे आता कुरकुरतात. गाडीखाली शिरते ती शिरते, पण बाहेर यायला मलाच जॅक लावावा लागेल असं वाटतं.

कागदावर आपल्या तिघांची नावं आहेत, म्हणून तुझी सही लागेल. सोबतच्या फॉर्मवर पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे कर आणि परत पाठव.

शाळेच्या बाईंची एकच अट आहे: गाडीबरोबर तिची वही हवी. अप्पांची ती निळी वही, तारीख, काय काढलं, काय घातलं, कोणी केलं. "वहीत नाही ते झालंच नाही," हे त्यांचं वाक्य तू विसरला नसशील. बाई म्हणतात, असली वही कुठल्याच गाडीला नसते. मुलांना ती पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवायची. म्हणजे ते पानही वाचलं जाणार. ते इथे जसंच्या तसं उतरवते:

"१४ नोव्हेंबर. बॅटरी चार्ज करून परत बसवताना उलटी जोडली. वायरिंगला आग. डॅशबोर्ड, पुढची काच, डाव्या सीटचं कातडं गेलं. जोडणारा: धाकटा. कारण: निष्काळजीपणा."

तुझी हरकत असेल तर कळव. नसेल तर आहे तसं जाईल.

अप्पा ठीक आहेत, वयाच्या मानानं.

ताई

२ मार्च

धाकट्या,

फॉर्म मिळाला. सही मिळाली. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आत आणखी काही नव्हतं. बावीस वर्षांनी दोन ओळी तरी लिहिशील असं वाटलं होतं, पण मी तरी तुला काय लिहिलं होतं? फुली कुठे केली आहे ते.

गाडीचं काम चालू आहे. गादीवाले काका सीटा नव्यानं शिवून देतायत. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो त्यांची सून ओवून देते आणि ते शिवतात. तुझी चौकशी करतात. मी "मजेत आहे" म्हणून सांगते. मला काय माहीत! चाकांच्या तारा मी स्वतः ताणल्या, एका चाकाला बहात्तर, सुटं धरून पाच चाकं. प्रत्येक तार टिचकी मारून ऐकायची. आधी मला गंमत वाटायची त्यात. आता तिसऱ्या चाकाला कान बधिर होतो.

एक सांगायचं राहिलं. तुझा पत्ता मला तुझ्या बायकोनं दिला. जानेवारीत तिनं फोन केला होता, तुला न सांगता. रागावू नकोस तिच्यावर. तिला म्हणे एकदा तुझ्या बहिणीचा आवाज ऐकायचा होता. भली बाई आहे. हसत हसत सांगत होती, "हे घरात साधा बल्ब बदलत नाहीत. इलेक्ट्रिशियनची वाट बघत आम्ही तीन दिवस अंधारात जेवलो. म्हणतात, माझ्या हाताला भरवसा नाही, मी उलटंच जोडतो." मीही हसले. फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला उद्या या म्हटलं.

मला वाटायचं तू आमच्यावर रागावून गेलास. तुझा तुझ्यावरचाच विश्वास उडाला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि अप्पा ठीक आहेत असं मी लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नाही. पाव इंची पाना मागतात, हातात देते, तर "हा कशाला दिलास?" विचारतात. इंजिनाचं मात्र सगळं लख्ख आठवतं. सकाळी चहा प्यायलो की नाही, ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, पुढे पुढे वाढत जाईल.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

आज क्रमानं लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण मध्ये एखादी पायरी गाळायची मला फार सवय झाली आहे.

या जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला लागतो आणि मायनस वायरिंगला. हल्लीच्या सगळ्या गाड्यांत याच्या बरोब्बर उलट. आपल्याला बाराखडीआधी हे पाठ होतं. "प्लस बॉडीला," अप्पा विचारायचे आणि आपण दोघं एका सुरात "मायनस वायरिंगला!" तू तर झोपेतही बरोबर जोडलं असतंस.

आता तुला माहीत नसलेलं.

त्या वर्षी हिरवीचा डायनामो, बॅटरीला वीज पुरवणारा, मरतुकडा झाला होता. दिवे लावले की इंजिन धापा टाकायचं. अप्पांना मी तीनदा म्हटलं, त्याच्या जागी हल्लीच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर बसवू या. "मूळ होतं तसंच राहील. नाहीतर ती गाडी नव्हे, सोंग." तुला त्यांचा आवाज माहीत आहे. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, क्लबमधली एकटी बाई, आणि दर रॅलीत दिवे मंद झाले की सगळे माझ्याकडे बघून हसायचे, कारण वायरिंग माझं. मग अप्पा आठ दिवस परगावी गेले तेव्हा मी एका जळक्या डायनामोचं कवच पोखरलं आणि त्याच्या आत छोटा अल्टरनेटर बसवला. बाहेरून बघणाऱ्याला डायनामोच. अल्टरनेटरला मायनस बॉडीला लागतो, म्हणून अख्ख्या गाडीची जोडणी मी उलटी करून घेतली. बॅटरीच्या पकडीसुद्धा बदलल्या.

वहीत लिहिलं नाही. तुलाही सांगितलं नाही. तू अप्पांपासून काही लपवू शकायचा नाहीस, तुझ्या चेहऱ्यावर सगळं यायचं.

म्हणजे चौदा नोव्हेंबरला तू बॅटरी बरोबर जोडलीस. गाडीच उलटी होती, आणि ती मी केली होती.

हे लिहायला मला बावीस वर्षं लागली. हात दुखतोय. उरलेलं दोन दिवसांनी लिहिते.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

उरलेलं.

तू मला विचारलं होतंस. हे तुला आठवतं की नाही माहीत नाही, मी मात्र ते एक दिवस विसरलेले नाही. बॅटरी उचलून तू आत ठेवलीस आणि म्हणालास, "ताई, पकड सैल का झालीये गं? काही बदललंस का तू?" अप्पा तिथेच चार हातांवर क्लबच्या सेक्रेटरीशी बोलत उभे होते. मी मान वर न करता म्हटलं, "नेहमीसारखं जोड रे. विचारत काय बसलास?"

मला वाटलं, चावी फिरवेपर्यंत काही होत नाही. सेक्रेटरीला सोडायला अप्पा फाटकापर्यंत जातील, तेवढ्यात मी टोकं बदलून घेईन. जुन्या डायनामोच्या बाबतीत हा हिशेब बरोबरच होता. पण अल्टरनेटर चावीची वाट बघत नाही. तू दुसरं टोक टेकवलंस आणि ती जाड तपकिरी वायर तिथल्या तिथे लाल झाली. वायरिंगला पक्की म्हणवणारी मी, आणि एवढं मला सुचलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मी मागे सरकले. तू पुढे गेलास आणि उघड्या हातानं ती तापलेली पकड उपटून काढलीस. हिरवी अख्खी जळाली नाही ती तुझ्यामुळे. वहीत कातडं गेल्याचं लिहिलंय, काच गेल्याचं लिहिलंय. तुझ्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत ते लिहिलेलं नाही.

नंतर तू सांगत होतास, "अप्पा, मी नेहमीसारखंच जोडलं." दोनदा सांगितलंस. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घाईत झालं असेल उलटं." बस्स, एवढंच वाक्य. त्या वाक्यावर तुझं घर गेलं. "पुन्हा माझ्या कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही," म्हणाले, आणि तू बॅग भरलीस.

तू दवाखान्यात होतास तेव्हा मी ते कवच काढून भंगारात दिलं आणि जुना डायनामो परत चढवला. मग तीन महिने एकटीनं बसून सगळी वायरिंग नव्यानं ओढली, कापडी वेष्टनाची, मूळ रंगांची. क्लबनं त्यासाठी माझा सत्कार केला. आजही कुठूनकुठून माणसं येतात, "हिरवीची वायरिंग केलेल्या बाई त्या तुम्हीच का?" माझं आख्खं नाव त्या आगीवर उभं आहे. लोक नमस्कार करतात आणि मी तो घेते.

माफी मागत नाहीये. मागितली की तुझ्यावर ओझं, द्यायची की नाही याचं. तू बरोबर जोडली होतीस, एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिलं.

ताई

८ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. एक ओळ. "अप्पांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. तुला पत्रात लिहिणं सोपं गेलं, मध्ये एवढं अंतर आहे. अप्पा समोरच्या खुर्चीवर असतात. पण तुझं बरोबर आहे. आणि त्यांचे बरे दिवस आता मोजकेच असतात, हेही मला दिसत होतं.

काल सकाळी ते अगदी पूर्वीसारखे होते. दाढी स्वतः केली, गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसले, दोन्ही कार्बोरेटरचा आवाज ऐकून "डावा जास्त पितोय" म्हणाले, आणि खरंच डावा जास्त पीत होता. म्हटलं आत्ता नाही तर कधीच नाही. इंजिन बंद केलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझा प्रश्न, माझं उत्तर, भंगार, सगळं.

अप्पांनी स्टूल जवळ ओढलं. मग विचारलं, "कवचात बसवलास? पुढचं बेअरिंग कुठलं घातलंस?"

मी सांगितलं.

"आणि पुलीची रांग कशी साधलीस? तिथे तर बोटभर जागा नाही."

तेही सांगितलं. मान हलवत म्हणाले, "सुरेख काम आहे. मला सुचलं नसतं."

धाकट्या, त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकायला मी अर्धं आयुष्य राबले, आणि ते आले कशावर, तर यावर! माझा तोल गेला. "त्याचा हात जळला अप्पा! तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत! आणि बेअरिंग कसलं विचारताय?" इतकी ओरडले की शेजारचा टायरवाला डोकावून गेला.

अप्पांनी वही मागितली. पेन मागितलं. एक ओळ लिहायला पाव तास लागला. त्या पानावर जुन्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि समासात लिहिलं: "धाकट्यानं बॅटरी बरोबर जोडली होती. मी ऐकलं नाही." सही केली. मग म्हणाले, "चहा टाक."

पुढचं मी लिहिलं, दीड पान. माझं नाव घालून.

ताई

३० एप्रिल

धाकट्या,

हिरवी गेली. ट्रकवर चढवायला निघाले होते, अप्पा म्हणाले, "तिला पाय आहेत." मग मीच चालवत नेली. वाटेत एकदा बंद पडली, शाळेच्या दारात एकदा तेल गाळलं. बाईंनी खाली ठेवायला पत्र्याचा ट्रे आणला. मी म्हटलं, सवय करा. विलायती गाडीचं तेल गळायचं थांबलं तर आनंद मानू नका, आधी आत तेल उरलंय का बघा.

पान मीच वाचलं. बाई म्हणत होत्या की त्या वाचतील. मी नको म्हटलं. पहिल्या रांगेत क्लबची माणसं होती, सत्काराला होती तीच, केस तेवढे पिकलेले. वाचून झाल्यावर टाळ्या वगैरे नाहीत. कुणीतरी खाकरलं. वेल्डिंगचे मास्तर मागे उभे होते, त्यांनी विचारलं, "बाई, ज्यांचा हात जळला त्यांना हे माहीत आहे का?"

"आहे," म्हटलं.

"मग ते आज इथे का नाहीत?"

म्हटलं, उशीर केला मी.

परत येताना सेक्रेटरी माझ्या शेजारून मान फिरवून गेले. या आठवड्यात ठरलेली दोन कामं लोकांनी काढून घेतली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रडू नाही आलं. गॅरेजमध्ये हिरवीची जागा रिकामी आहे, तिथे खाली तेलाचा डाग आहे, तो धुतला तरी जात नाही. मी दुपारची तिथेच चटई टाकून पडते. खूप झोप येते हल्ली.

ताई

१७ जून

धाकट्या,

तुझं पुन्हा काही आलं नाही. तगादा म्हणून हे लिहीत नाही. एक गोष्ट तुला कळायला हवी, आणि ती मी आता लपवणार नाही.

अप्पांना ते आठवत नाही.

वहीतली ओळ लिहिल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी जेवताना विचारलं, "धाकटा कुठे असतो गं आता? बॅटरी उलटी जोडली होती ना त्यानं?" मी ताट बाजूला सारलं. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. त्या वेळी बेअरिंगचं विचारलं नाही. ताटावरून उठले आणि म्हणाले, "किल्ल्या ठेव आणि नीघ माझ्या घरातून." अगदी तुला म्हणाले होते तसं, तोच आवाज. मी किल्ल्या ठेवल्या आणि जाऊन फुटपाथवर उभी राहिले. अर्ध्या तासानं खिडकीतून हाक आली, "अगं, उन्हात काय करतेस? आत ये."

मग ते सुरूच झालं. कधी दोन दिवसांनी, कधी एकाच दिवसात दोनदा. एकदा ते रडले, लहान मुलासारखे, तुझं नाव घेत. एकदा कानाखाली मारायला हात उचलला आणि तो कशासाठी उचलला हेच विसरले. एकदा पुन्हा "सुरेख काम आहे" म्हणाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मी वही शाळेतून तासाभरासाठी मागून आणली, त्यांना त्यांचीच सही दाखवली. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "धाकट्यानंच ना ती आग लावली?"

बावीस वर्षांत जे एकदाही सांगितलं नाही ते आता मी आठवड्यातून तीन-चारदा सांगते. डॉक्टर म्हणतात, कशाला त्रास करून घेता, "हो" म्हणून टाका, त्यांना काय फरक पडतो! त्यांचं चुकत नाही. पण ते "हो" मी एकदा म्हटलेलं आहे.

काल मी फार दमले होते. सकाळपासून एका गाडीच्या गिअरबॉक्सशी झोंबत होते, तो काही ऐकेना. अप्पा दाराशी खुर्चीवर होते. त्यांनी विचारलं, "धाकट्यानं उलटी जोडली होती ना बॅटरी?" आणि माझ्या ओठावर आलं होतं बघ, हो अप्पा, त्यानंच, झोपा आता. ते झोपले असते. मीही झोपले असते. कुणाला कळणार होतं?

म्हटलं, "नाही अप्पा. त्यानं बरोबर जोडली होती. गाडी तुमच्या मुलीनं उलटी करून ठेवली होती, आणि नाव त्याचं घेतलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, जरा अदबीनं. "बाई," म्हणाले, "तुम्ही कोण ते मला आठवत नाही. पण माझ्या मुलीवर असा आळ घेऊ नका. ती खोटं बोलत नाही."

"बोलली होती," मी म्हटलं.

"मी ओळखतो तिला," म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

म्हणून, धाकट्या, अप्पांच्या तोंडून ऐकायला मिळेल म्हणून येणार असशील तर आधीच सांगते, तो दिवस हुकला असेल, आणि तो मी हुकवला आहे. ओळ वहीत आहे, शाळेत ती कोणालाही वाचता येते. बाकी माझ्याकडे आता एवढंच काम उरलंय. संध्याकाळी त्यांना भात भरवताना त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ताई